बोंद्र्यांच्या बायका

"आमच्या बायकांपैकी तिघी विधवा आहेत, पण तिघींचेही छापखाने झकास चाललेत," असं म्हणून बोंद्र्यांनी शांतपणे श्रीखंडात पुरी बुडवली.

जर्मनीतल्या येना गावच्या मराठी मंडळाचं पाडव्याचं जेवण होतं. त्यांच्या शेजारी देशपांडेकाकू बसल्या होत्या. मुलाकडे राहायला म्हणून नुकत्याच पुण्याहून आलेल्या. त्यांनी आपलं ताट हळूच एक खुर्ची पलीकडे सरकवलं आणि मला कानात विचारलं, "किती आहेत गं यांना?"

"चाळीसेक," मी म्हणाले. "पण सगळ्या दोनशे वर्षांपूर्वी वारल्यात."

काकूंचा जीव काही भांड्यात पडला नाही. बोंद्र्यांची ओळख करून देताना मी नेहमी अशीच घोळात सापडायचे.

माधव बोंद्रे मूळचे कराडचे. पन्नाशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. आणि येनाच्या विद्यापीठात त्यांची पीएचडी इतकी वर्षं चालली होती की त्यांच्यानंतर आलेली मुलं डॉक्टर होऊन, लग्नं करून, बर्लिनला घरं घेऊन बसली होती. त्यांचा विषय होता, अमेरिका हा देश नवानवा असताना तिथल्या बायकांनी काय लिहिलं आणि ते छापून कसं आणलं. त्या काळात बाईचं नाव पुस्तकावर शोभत नसे, म्हणून आतल्या पानावर नुसतं 'एका बाईकडून' असं छापायचे. नवरा गेल्यावर त्याचा छापखाना चालवणाऱ्या विधवा असायच्या, त्याही आपल्या नावाची नुसती आद्याक्षरं छापत. त्या सगळ्यांना बोंद्रे 'आमच्या बायका' म्हणत, आणि त्यांच्याविषयी कायम वर्तमानकाळात बोलत. "आमच्या एका बाईचं मूल आजारी आहे, कादंबरी अडलीय," असं ते ट्रामच्या थांब्यावर सांगायचे. ऐकणारा बिचारा डॉक्टरचा पत्ता देऊ करायचा.

लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायचे, "वेळच मिळाला नाही, बायकांमुळे."

माझी त्यांची ओळख मसालेभातामुळे झाली. मी लेन्सच्या कारखान्यात नोकरीला. तिथून धावतपळत येऊन भात केला होता. मंडळाच्या टेबलावर पातेलं ठेवताना मी म्हणाले, "काही खास नाही झालाय हो. घाईत केलाय. मीठ कमी असेल तर सांभाळून घ्या."

बोंद्र्यांनी हातातली प्लेट खाली ठेवली. बोट वर केलं. "गेनाऊ! अगदी हेच! परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. अहो, हीच ती प्रस्तावना! घरकाम आटोपून उरल्या वेळात लिहिलं, मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून छापलं, दोष पोटात घाला. आमची प्रत्येक बाई पहिल्या पानावर माफी मागते आणि पुढची तीनशे पानं ठणकावून लिहिते." मग त्यांनी भाताचा घास घेतला. "मीठ बरोबर आहे. माफी मागे घ्या, वहिनी." लगेच स्वतःलाच थांबवून म्हणाले, "आल्झो, असं बघा, वहिनी म्हणजे नुसती तुमच्या समीरची बायको. तुमचं नाव काय?"

"अश्विनी."

"अश्विनीबाई, माफी मागे घ्या."

मी घेतली. काय करणार? मागे रांग लागली होती.

एकदा माझ्या नवऱ्याने, समीरने, उपमा केला होता. टेबलावर ठेवताना त्याने जाहीर केलं, "फर्स्ट क्लास झालाय." बोंद्र्यांनी चाखून पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "पुरुषांच्या प्रस्तावना अशाच असतात."

पोटासाठी ते संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घ्यायचे आणि आमच्यासारख्यांच्या शोधनिबंधांचं इंग्रजी दुरुस्त करायचे. माझा एक निबंध तपासून परत देताना त्यांनी विचारलं, "काम कुणी केलंय?"

"मी."

"मग लेखकांत नाव चौथं का?"

"आमच्याकडे तसंच असतं हो."

"आमच्याकडेही असंच होतं," ते म्हणाले आणि आपल्या सायकलवर बसून गेले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या निबंधाच्या वेळी मी बॉसच्या केबिनमध्ये जाऊन बोलले. नाव पहिलं आलं. बोंद्र्यांना सांगितलं तर ते नुसते "या, या," म्हणाले. जर्मन 'या' म्हणजे हो. पण चेहरा असा फुलला होता की त्यांचंच काही छापून आलंय असं वाटावं.

त्यांचं स्वतःचं मात्र काहीच छापून येत नव्हतं. प्रबंध जवळजवळ तयार होता. कधी देणार, विचारलं की म्हणायचे, "एक बाई राहिलीय." कवितांचं छोटं पुस्तक होतं तिचं. नाव ठाऊक नाही, कुठल्या गावची तेही नाही. एकच प्रत उरलेली, आणि ती कुणा प्रवाशाबरोबर जर्मनीत येऊन पडलेली. येनापासून अडीच तासांवरच्या एका जुन्या ग्रंथालयात. तिथे जायला यांना कधी सर्दी आडवी यायची, कधी बर्फ.

मग त्यांच्या प्रोफेसरबाईंची निवृत्ती जवळ आली. उन्हाळ्याच्या आत प्रबंध दिला नाही तर तो पुढे स्वीकारायला कुणी नव्हतं. बोंद्रे तरी हलेनात. शेवटी एका शुक्रवारी मी रजा घेतली, समीरला गाडी काढायला लावली आणि त्यांच्या दारात जाऊन बेल वाजवली. ते बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून.

"मुलगी बघायला निघालात की काय?" समीर म्हणाला.

"पहिल्यांदाच भेटतोय," बोंद्रे गंभीरपणे म्हणाले.

समीर गावात भटकायला गेला. मी बोंद्र्यांबरोबर आत गेले. ग्रंथपालबाई फ्राऊ लिंडनर यांनी पुस्तक आणून मऊ उशीवर ठेवलं. तळहाताएवढं, तपकिरी. बोंद्र्यांनी पहिलं पान उलटलं. 'एका बाईकडून.' दुसरं उलटायला गेले आणि थांबले. पानं कडेला एकमेकांना जोडलेली होती. मला वाटलं चिकटलीत.

"नाही," ते कुजबुजले. "तेव्हा मोठा कागद छापून, घडी घालून तसाच शिवायचे. घड्या वाचणाऱ्याने सुरीने उघडायच्या." "अश्विनीबाई, हे कुणी उघडलेलंच नाही."

फ्राऊ लिंडनर वर विचारायला गेल्या. बऱ्याच वेळाने परवानगी आणि हाडाची एक पातळ सुरी घेऊन परत आल्या. त्यांनी सुरी बोंद्र्यांपुढे धरली. बोंद्र्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुम्हीच करा," ते जर्मनमध्ये म्हणाले.

एकेक घडी सुटताना अगदी बारीक आवाज यायचा. बोंद्रे मान खाली घालून ऐकत होते. मग वाचायला बसले ते ग्रंथालय बंद होईपर्यंत. मी दोनदा कॉफी पिऊन आले. त्यांना पत्ताच नव्हता.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "कशा आहेत कविता?"

"साधारण," ते म्हणाले. "एक तिच्या गायीवर आहे, ती बरी आहे."

समीर हसला. बोंद्रे हसले नाहीत. गाडीत मागे जाऊन बसले. हायवेला लागल्यावर आपणहून बोलायला लागले.

"तिने छापलं, इतक्या लांब आलं, आणि इथे कुणी सुरीसुद्धा लावली नाही. माझ्या प्रबंधाचं काय वेगळं होणार? दोन परीक्षक वाचतील, त्यांना वाचावंच लागतं. मग तो कपाटात जाईल. दिला नाही तोवर निदान मला रोज वाटतं, कुणीतरी वाट बघतंय."

समीरने गाणी बंद केली. चष्मा पुसत बसलेला हा माणूस एवढी वर्षं रोज संध्याकाळी एका खोलीत कुणाशी बोलत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"रविवारी जेवायला या," मी म्हणाले. "येताना प्रबंध आणा. मी वाचणार आहे."

"तुम्हाला? अहो, साडेचारशे पानं आहेत. तळटीपा वेगळ्या."

"तळटीपाही वाचेन."

"कंटाळाल."

"कंटाळले तर तोंडावर सांगेन. पण मोठ्याने वाचणार, तुमच्यासमोर."

पुढे त्यांनी प्रबंध मुदतीत दिला. पदवी मिळाली, मंडळाने सत्कार केला. त्यानंतर आम्ही समीरच्या नोकरीपायी वोल्फ्सबुर्गला आलो. इथे मोठमोठे रस्ते आहेत, गाड्या आहेत, रविवारी मात्र चिटपाखरू दिसत नाही. अशा वेळी येना आठवतं. सत्कार नाही आठवत. तो पहिला रविवार आठवतो.

जेवणं झाली. समीर भांडी घासत होता. बोंद्रे प्रबंध पिशवीत घालून आले होते. मला देताना त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला आणि आमच्या जुन्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे. मी वाचायला लागले. इंग्रजीत वाचायचे आणि मध्येच मराठीत म्हणायचे, "अगंबाई, खरंच?" पहिल्या प्रकरणात एक शाळामास्तरीण होती. कादंबरी लिहून झालेली, छापणारा म्हणत होता आधी पुस्तक विकत घेणाऱ्यांची नावं जमवून आण. ती घोड्यावर बसून गावोगाव निघाली. पहिल्या गावात दारं बंद झाली. दुसऱ्या गावात पाद्रीबुवांनी नाव दिलं आणि बायकोने सांगितल्यावर परत घेतलं.

"मग?" मी विचारलं आणि मान वर केली.

बोंद्रे झोपले होते. कधीतरी कडेवरून सरकून सोफ्यात मागे रेलले होते. चष्मा नाकावर उतरला होता, तोंड जरासं उघडं होतं. आपल्या घरी जेवून पडलेला माणूस झोपतो तसे गाढ झोपले होते. समीर हात पुसत दारात आला आणि त्याने खुणेनेच विचारलं, उठवू का?

मी मानेनेच नको म्हटलं. त्यांचा चष्मा काढून टेबलावर ठेवला, पान उलटलं आणि आवाज थोडा लहान करून पुढे वाचत राहिले. पावसाला सुरुवात झाली होती, तिसरं गाव अजून लांब होतं, आणि घोडा लंगडत होता.