बंद करून चालू

कंपनीला फोन करायचा नाही, असं हेडक्लार्कांनी सकाळी अकरा वाजता ठरवलं. निर्णय तसा लहान होता. इतक्या लहान निर्णयावर ऑफिसात त्यांनी सहीसुद्धा केली नसती, नुसतीच टिकमार्क केली असती.

पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. खातं सुटलं, हुद्दा सुटला नव्हता. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की आधी त्यांच्या टेबलावरून जायची. (मिक्सर अजून तिथेच आहे.)

अकरा वाजता घरचं इंटरनेट गेलं. आणि चार वाजता त्यांच्या लेकीची मुलाखत होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. आठ महिन्यांत तेवीस अर्ज पाठवल्यावर आलेली ही पहिली मुलाखत.

"मी कंपनीला फोन करते," लेक म्हणाली.

"काही गरज नाही. बंद करून चालू करायचं. मध्ये तीस आकडे मोजायचे. सगळी मेख त्या आकड्यांत आहे. तू अठरालाच बटण दाबतेस."

त्यांनी राउटर बंद केला. संथपणे, एकही आकडा न गाळता तीस मोजले. चालू केला. हिरवा दिवा लागला आणि नेट आलं. हेडक्लार्कांची छाती दोन इंच फुगली.

वीस मिनिटांनी नेट गेलं.

त्यांनी पुन्हा तीस मोजले. पुन्हा नेट आलं. पुन्हा गेलं. एक वाजेपर्यंत हा प्रकार सात वेळा झाला.

"सातपैकी सात!" हेडक्लार्क म्हणाले. "उपाय एकदाही फसलेला नाही."

"बाबा, औषध सात वेळा द्यावं लागतंय. म्हणजे पेशंट बरा होत नाहीये."

"पण उठून बसतोय ना?"

लेकीने कपाळाला हात लावला. मोबाइलचं नेट त्या घरात एकाच ठिकाणी यायचं, बाथरूमच्या खिडकीत. तिने बादली बाजूला करून स्टूल कुठे बसतं तेही बघून ठेवलं होतं.

"हेडक्लार्काची मुलगी बाथरूममध्ये बसून मुलाखत देणार?"

"मग मी मैत्रिणीकडे जाते. तासाभरात पोचेन."

"कुठेही जायचं नाही. चार वाजता नेट चालू असेल. माझी जबाबदारी!"

हे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उच्चारलं नव्हतं, त्यामुळे लेकीला ते खरं वाटलं. तिथेच फसली.

जबाबदारी अंगावर आल्यावर मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. राउटर तापतो असं ठरलं, म्हणून टेबलफॅन त्याच्या तोंडासमोर आला. मग लोखंडी कपाट लहरी अडवतं असं ठरलं, म्हणून राउटर कपाटावर चढला. त्याच्यामागून स्टुलावर हेडक्लार्क चढले. मग फ्रिज वीज खेचतो असा संशय आला.

"फ्रिजला हात लावाल तर बघा," लेकीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती भांडी विसळत होती आणि मागे वळूनही बघत नव्हती. (तिला बघावं लागत नाही.)

तीन वाजता अकराव्यांदा नेट गेलं, हेडक्लार्कांनी अकराव्यांदा आणलं, आणि लेकीचा पारा चढला. आता मैत्रिणीकडे पोचण्याइतका वेळही उरला नव्हता. वडिलांना न विचारता तिने कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"राउटर एकदा बंद करून चालू करता का?" पलीकडची बाई म्हणाली.

हेडक्लार्कांनी लेकीकडे असं काही पाहिलं, की जणू हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आहे.

"अकरा वेळा केलंय," लेक म्हणाली. "तुमच्या बाजूने बघा."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली. "मॅडम, नेटवर प्रत्येक राउटरला आपला वेगळा आयपी नंबर लागतो. म्हणजे कुठली माहिती कुणाकडे पाठवायची ते कळतं. तुमच्या नंबरवर मला दोन राउटर दिसतायत. शेवटचा जो चालू होतो तो नंबर पळवतो आणि दुसऱ्याचं नेट जातं."

"दुसरा राउटर कुठे आहे?"

"तुमच्याच इमारतीत. दुसरा मजला."

तिघांनी एकदम छताकडे पाहिलं. वर मास्तर राहायचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या ओल्या चादरी हेडक्लार्कांच्या गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर ठिबकायच्या, त्यावरून तीन महिने बोलणं बंद होतं.

"म्हणजे आपण चालू केलं की त्यांचं जातं," लेक सावकाश म्हणाली. "मग ते चालू करतात आणि आपलं जातं. सकाळपासून!"

"मास्तरही तीस मोजत असणार," आई म्हणाली.

"ही सरळसरळ कंपनीची चूक आहे!" हेडक्लार्क फोनवर गरजले. "एकच नंबर दोघांना? कुणी केलं हे? मला लेखी उत्तर पाहिजे."

"सर, बाकीच्यांना नंबर आपोआप मिळतात. तुमचा हाताने घातलाय. काल संध्याकाळचा टेक्निशियनचा शेरा आहे. वाचू?"

"वाचा."

"'वरच्या मजल्यावरील ग्राहकाने मागणी केल्यावरून त्यांना कायमचा नंबर दिला. खालील ग्राहक म्हणतात, वरच्यांना जे दिले तेच मला हवे, त्यात काडीचाही फरक चालणार नाही. तसे करता येत नाही हे तीन वेळा सांगितले. ग्राहक ऐकत नाहीत. शेवटी तेच दिले.'"

शेरा नेमका होता हे हेडक्लार्कांनाही कबूल करावं लागलं. कायमचा नंबर कशासाठी असतो हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. मास्तरांकडे आहे, एवढं तेव्हा पुरेसं होतं.

"आमच्या माणसाने असं करायला नको होतं," बाई म्हणाली. "उद्या सकाळी कुणी तरी येऊन बदलून देईल. तोपर्यंत दोघांपैकी एकानेच राउटर चालू ठेवा."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. लेक वडिलांकडे नुसती बघत होती, आणि हेडक्लार्कांना तिचं ओरडणं परवडलं असतं. ते चपला घालून जिना चढले.

मास्तरांचं दार उघडंच होतं. मास्तर राउटरसमोर उभे होते. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." बटण दाबून ते वळले. "बोला."

"मास्तर, तुमचं नेट तासभर बंद ठेवता का?"

"का म्हणून? उत्तम चाललंय. आज अकरा वेळा गेलं आणि अकराही वेळा मी आणलं."

हेडक्लार्कांना आरशासमोर उभं राहिल्यासारखं झालं, आणि आरशातला माणूस काही त्यांना आवडला नाही. त्यांनी सगळा प्रकार सांगितला. शेऱ्यासकट.

मास्तरांनी शेरा दोनदा ऐकून घेतला. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

"माझं बंद होणार नाही," ते म्हणाले. "तुमचं करा. पोरीला वर पाठवा, माझ्या खोलीत बसू दे. दार लावून घेईल. चहा मी देईन."

"मास्तर, उपकार झाले..."

"थांबा. तुम्ही खाली राउटरला हात लावणार नाही."

"नाही लावणार."

"लेखी द्या."

पस्तीस वर्षं हेडक्लार्कांनी लोकांकडून हमीपत्रं घेतली होती. पहिलं हमीपत्र त्यांनी गणिताच्या जुन्या वहीच्या पानावर लिहून दिलं. मास्तरांनी त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मग ते घडी घालून खिशात ठेवलं.

पावणेचारला लेक वर गेली. खाली हेडक्लार्क बंद राउटरसमोर खुर्ची टाकून बसले. दिवा नाही, आवाज नाही. हात शिवशिवू लागले. सव्वाचारला त्यांनी हात मांडीखाली घेतले. साडेचारला विचार आला, की इतका वेळ बंद राहून राउटर खराब तर होणार नाही? एक सेकंद लावून बघायला काय हरकत आहे? एकच सेकंद. त्यांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"मी धूळ पुसत होतो," ते म्हणाले.

"पुसा," आई म्हणाली. "वायर माझ्या पर्समध्ये आहे. चारच्या आधीच काढून ठेवली."

पाच वाजता लेक खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"झाली? नेट टिकलं?"

"टिकलं. सोमवारपासून ये म्हणाले. ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम आहे."

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. "काय काय विचारलं?"

"एकच प्रश्न. कितीही समजावलं तरी न ऐकणाऱ्या माणसाला कसं हाताळाल? मी पाऊण तास बोलले. मध्ये त्यांनीच थांबवलं, पाणी पी म्हणाले."

"म्हणजे नोकरी एका अर्थी माझ्यामुळे लागली!" हेडक्लार्क खुर्चीतून उठले. "बघितलंस? आणि काम कुठून करायचं? घरून?"

"घरून करायची सोय आहे त्यांच्याकडे."

"उत्तम! इथे तुझं टेबल लावू. नेटचं सगळं मी बघेन."

"मी ऑफिसात येते म्हटलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अगं, येण्याजाण्यात रोज तीन तास मोडतील. मी म्हटलं, चालेल." तिने चपला काढल्या. "त्या म्हणाल्या, हो, तुझ्या घरचं ऐकल्यावर आम्हालाही वाटलं, तू ऑफिसातच बरी."