ग्रोकॉटची पाटी

एक अक्षर बदलायचं आणि मुकाट घरी यायचं, एवढाच क्लाइव्हरावांचा बेत होता. (माणसाचे सगळे घोळ ‘एवढंच’पासून सुरू होतात.) नेदर विस्टन गावात डिलिसबाईंच्या बेकरीबाहेर पाटी होती, ‘ताजे लोफ्स’. उभा जन्म श्रूजबरीच्या छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवलेल्या माणसाला ती पाटी जाता-येता दाढेत अडकलेल्या तुसासारखी सलायची. एक असला तर लोफ, अनेक असले तर लोव्ह्‌ज, हे शाळेतलं पोरही सांगेल! तेव्हा एका पहाटे क्लाइव्हरावांनी कुत्र्याला फिरवण्याचं निमित्त केलं, कोटाच्या खिशात रंगाची डबी आणि ब्रश लपवला आणि निघाले.

अक्षर बदललं. पण ते नवं अक्षर इतकं चकचकीत दिसू लागलं की शेजारची अक्षरं आजारी वाटायला लागली. मग तीही रंगवली. मग कडेची वेलबुट्टी. घरी पोचेपर्यंत कर्नलच्या (हा कुत्रा) शेपटीला काळा रंग लागला होता.

तिथेच थांबले असते तर बरं. पण पुढच्याच आठवड्यात भाजीवाल्या बेबच्या पाटीवर टोमॅटो आणि बटाटे अनेकवचनाचा ‘ई’ गमावून बसलेले दिसले. तेही केलं. आणि मग हात शिवशिवायला लागले, आणि ते पोचले ग्रोकॉटच्या पाटीपर्यंत.

ग्रोकॉट घरांची गवती छपरं शाकारायचा. माणूस दारातून वाकून आणि तिरका होऊन आत यायचा. त्याच्या पाटीवर ‘रूफ्स’ असं लिहिलेलं. आता यावरून क्लाइव्हरावांच्या घरी रविवारच्या जेवणावर केवढं महाभारत झालेलं! क्लाइव्हराव लहानपणी शिकले ते ‘रूव्ह्‌ज’.

“हूफचं हूव्ह्‌ज होतं, मग रूफनं काय घोडं मारलंय?” ते गरजले होते.

त्यांच्या पत्नी बेरिलबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी शांतपणे वाटाणे वाढले. “भाषा बदलते, क्लाइव्ह. शब्दकोशात बघ.”

“हल्लीचे शब्दकोश भित्रे झालेत! लोक म्हणतील ती पूर्व दिशा!”

तर क्लाइव्हरावांनी शब्दकोशाच्या वतीने शौर्य दाखवलं. ग्रोकॉटच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या रंगात, काळी किनार लावून ‘रूव्ह्‌ज’ झळकलं.

त्या संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सभा होती. शनिवारी सुंदर गाव स्पर्धेचे परीक्षक यायचे होते आणि समितीच्या अध्यक्षा साक्षात बेरिलबाई. ग्रोकॉट उठून उभा राहिला तसा मागच्या दोन रांगांना उजेड मिळेना.

“माझी पाटी ज्यानं नासवली,” तो म्हणाला, “त्याला उलटा टांगून शाकारीन.”

“आपण त्याला शोधून काढू,” बेरिलबाई म्हणाल्या. “मी स्वतः लक्ष घालते.”

क्लाइव्हरावांनी खुर्चीत अंग चोरलं. ग्रोकॉटचं एक वेळ परवडलं. त्याच्या हातून मरण तरी एकदाच आलं असतं. पण बायकोची सगळ्या गावासमोर मान खाली गेली तर? त्या रात्री त्यांना डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

“नखात काळं काय रे?” बेरिलबाईंनी विचारलं.

“जॅम. काळ्या मनुकांचा.”

“आणि कर्नलच्या शेपटीला?”

“त्यालाही आवडतो.”

बेरिलबाईंनी कर्नलची शेपटी उचलून नीट पाहिली आणि सोडून दिली.

ब्रश नदीत फेकायचा, असं क्लाइव्हरावांनी ठरवलं. दुसऱ्या पहाटे नदीकडे निघालेही. वाटेत हॉल. हॉलवर फुलं-भाज्यांच्या प्रदर्शनाची जुनी, पोपडे आलेली भली थोरली पाटी, आणि तिच्यावर खडूनं लिहिलेल्या चुकाच चुका. कणसांच्या पेंढ्या चुकलेल्या, मुळे चुकलेले, चेरीसुद्धा. क्लाइव्हरावांनी डोळे मिटले, पुढे चार पावलं टाकली आणि परत फिरले. (दारुड्याला गुत्त्यावरून जायला सांगू नये.)

अर्धी पाटी झाली असेल. मागून आवाज आला.

“चहा घेणार का, मिस्टर ट्रँटर?”

डिलिसबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. शेजारी बेब. क्लाइव्हरावांच्या हातातला ब्रश गळून पडला.

“घाबरू नका हो,” बेब म्हणाला. “खालचा कोपरा तेवढा राहिलाय.”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्या गावाला. पण असं तोंडावर कसं बोलायचं? बरं दिसत नाही.”

“माझं पहिल्यांदा खरंच चुकलं होतं,” डिलिसबाई म्हणाल्या. “पण पाटी काय सुरेख झाली! मग मागच्या दाराची जाणूनबुजून चुकवली.”

“मला तर इथे लिहायला चुका डोकं खाजवून शोधाव्या लागल्या,” बेब म्हणाला.

क्लाइव्हराव मटकन पायरीवर बसले. एवढ्यात कोपऱ्यावरून ग्रोकॉट आला. सोबत बेरिलबाई.

क्षणात सगळे आकाशाकडे बघायला लागले.

“आज ऊन पडेलसं वाटतं,” डिलिसबाई म्हणाल्या.

“दुपारनंतर,” बेब म्हणाला.

ग्रोकॉटनं ब्रश उचलला आणि क्लाइव्हरावांच्या हातात दिला. “चल ट्रँटर. माझी पाटी होती तश्शी करून दे.”

ग्रोकॉटच्या दाराशी शिडी बेरिलबाईंनी धरली. खाली ग्रोकॉट हाताची घडी घालून उभा, मागे डिलिसबाई आणि बेब हवेवर बोलत. ज्या शब्दासाठी रविवारचं जेवण नासवलं, तोच क्लाइव्हरावांनी पुसला आणि ‘रूफ्स’ लिहिलं. रंगापेक्षा घामच जास्त गळला.

“झालं,” ग्रोकॉट गुरगुरला आणि न बघताच कामाला गेला.

सुटलो! दिवसभर क्लाइव्हराव हलके होते. मात्र पहाटे अंथरुणात ताडकन उठून बसले. रूफमध्ये दोन ‘ओ’! दोन लिहिले की एकच? डोळ्यांपुढे पाटी आली आणि धाबंच दणाणलं. एकच! उभ्या जन्मात प्रुफात चूक न सोडलेल्या माणसानं, सगळ्यांच्या देखत, फूटभर उंचीची चूक केली होती! आणि परीक्षक आजच यायचे होते. शेजारी बेरिलबाई नव्हत्या, पण तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. डबी-ब्रश शोधला, तोही सापडेना. पायजम्यावर कोट चढवून ते तसेच धावले.

पाटीवर दोन ‘ओ’ होते. दुसऱ्याचा रंग अजून ओला होता.

घरी आले तर बेरिलबाई टोस्टला लोणी लावत होत्या.

“नखात पांढरं काय गं?” क्लाइव्हरावांनी चाचरत विचारलं.

“लोणी.”

“आणि कर्नलच्या शेपटीला?”

“त्यालाही आवडतं.” बेरिलबाईंनी टोस्ट पुढे सरकवला. “आणि तुझी ओळही उताराला लागली होती. ती पण सरळ करून आलेय.”