खुर्चीतला नमुना

आमचे दिगंबरराव शेळके वकील छापील कागदाला खुर्चीत बसवून त्याची उलटतपासणी घेतात. हे मी ऐकीव सांगत नाही. ती खुर्ची पुसून मीच ठेवते.

मी त्यांच्या पुंडलिकनगरच्या ऑफिसची व्यवस्था बघते. तारखा, फायली, पाण्याचे जार, सगळं माझ्याकडं. कामाची यादी करायची, झालं की रेघ मारायची, एवढी माझी पद्धत. पण गेल्या वर्षी एक ओळ महिनोन्‌महिने रेघेवाचून राहिली: 'बोर्डाचं अक्षर ठरवणे'.

झालं असं. वरच्या मजल्यावरचं ऑफिस तळमजल्यावर हलवायचं ठरलं. साहेबांची मुलगी केतकी, तीही वकील, म्हणाली की आता सगळं नवं करू. बोर्ड, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड. आणि नावही सुटसुटीत, 'शेळके लीगल'. जुन्या बोर्डावर होतं 'शेळके आणि काझी, वकील'. काझीसाहेब म्हणजे साहेबांचे जन्माचे भागीदार. डोळे अधू झाले तसे ते हैदराबादला मुलाकडं राहायला गेले. तरी पक्षकार येऊन विचारायचे, "ह्यातले काझीसाहेब कोणते?" केतकीचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मलाही पटलं होतं.

साहेब शांतपणे म्हणाले, "नावाला माझी हरकत नाय. पण अक्षर ठरल्याबिगर नाव ठरत नसतं. आधी अक्षर."

केतकीनं नाझनीन नावाच्या हुशार मुलीला बोलावलं. बोर्ड, पत्रिका, पाकिटं यांची अक्षरं आणि मांडणी ती करते. नवं नाव अजून ठरायचं होतं म्हणून तिनं जुन्याच नावाचे पाच नमुने छापून आणले, टेबलावर मांडले आणि म्हणाली, "सर, कोणता आवडला?"

"आवडला?" साहेबांनी चष्मा काढला. "पोरी, आरोपी आवडतो का कधी? जाधवबाई, पुकारा करा."

मी मोठ्यानं ओरडले, "नमुना पहिला!" आणि कागद पक्षकाराच्या खुर्चीत टेकवून ठेवला. माझं वय, माझं शिक्षण, सगळं त्या क्षणी मला आठवलं.

पहिल्याची अक्षरं गोल, जाड होती. साहेब त्याच्याभोवती फिरले. "ह्या 'क'चं पोट बघा. हा उपासमारीचा दावा लावायला आला तर जज हसंल." दुसरा सडपातळ निघाला. "ह्याला तर जामीनदारसुद्धा मिळायचा नाय." तिसऱ्याला वेलांट्यांची हौस फार. "ही लग्नपत्रिका आहे. घटस्फोटवाल्यानं आत कसं यावं?" चौथ्याला डोक्यावरची रेघच नव्हती. ते बघून साहेब खरोखर दुखावले. "उघड्या डोक्यानं आला? पाचोडच्या बाजारात आमचा बाप असा कधी गेला नाय." पाचव्याला त्यांनी नुसतंच विचारलं, "तुला कुणी पाठवलं?" आणि कागदानं उत्तर दिलं नाही म्हणून त्याला फितूर ठरवलं.

इंग्रजी अक्षरांचं वेगळंच. ज्यांच्या टोकांना बारीक पाय असतात ती त्यांच्या मते बूट घालून आलेली, आणि बिनपायाची ती अनवाणी. "बूटवाला पैसेवाला दिसतो, गरीब पक्षकार बिचकंल. अनवाणी बसवला तर श्रीमंत येणार नाय. पुढची तारीख द्या."

पुढची तारीख! नाझनीन दर मंगळवारी नवे नमुने घेऊन यायची आणि दर मंगळवारी मामला तहकूब व्हायचा. तिची पहिल्यांदा चिडचिड झाली. मग तिला मजा वाटायला लागली. घरून भजी आणायची. म्हणायची, "आंटी, आज किस को फाँसी?"

खरी गंमत पुढंच होती. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, असा साहेबांचा बाणा. विरुद्ध बाजूला कुणी नाही म्हटल्यावर तेच टेबलाला वळसा घालून पलीकडं जायचे आणि हुबेहूब काझीसाहेबांच्या आवाजात स्वतःवरच ओरडायचे, "क्या फालतू बात कर रहा दिगंबर! अच्छा भला 'क' है!" मग परत अलीकडं येऊन, "तू गप रे! तुला काय कळतंय?" असं बराच वेळ चालायचं. आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

एका मंगळवारी केतकी दारात उभी राहून हे बघत होती. ती हसली नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही अक्षर निवडत नाही आहात. तुम्ही नावावर स्टे आणलाय."

साहेब पलीकडच्या बाजूला होते. तिथंच उभे राहिले.

"काझीकाकांनाच विचारते," म्हणत तिनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं सांगितलं.

"निकाल दो बेटा मेरा नाम," तिकडून काझीसाहेब खोकत हसले. "अब क्या उसका अचार डालना है?"

"हे म्हणणं रेकॉर्डवर घेऊ नका!" साहेब गरजले. "पक्षकार दबावाखाली आहे!"

"कौन दबा रहा मेरे को? बहू की दाल?"

"तू लई शहाणा झाला व्हय रे तिकडं जाऊन?"

"तेरे से तो पहले से था."

मग पाऊण तास दोघं भांडले. अक्षरावरून सुरू झालं, कुठल्याशा जुन्या खटल्यावर गेलं, तिथून दौलताबादच्या पेरूंवर. फोन बंद झाला तेव्हा साहेबांचे कान लाल झाले होते आणि चेहरा असा काही खुलला होता की केतकीनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"नाझनीन," ती म्हणाली, "दोन्ही नावं ठेव. सारख्या मापात."

"मग हरकत नाय," साहेब लगेच म्हणाले. "नमुना दुसरा घ्या."

"सर, वो सडपातळवाला? उसको तो पहलेच दिन उडाया आपने!"

"अपिलात सुटला."

बोर्ड लागला त्या सकाळी मी फोटो काढला. ओळखीच्या सगळ्यांना पाठवायचा हे माझ्या कामांत होतंच. साहेब फुटपाथवर हात मागं बांधून उभे होते.

"काझीला पाठवू नका," ते म्हणाले.

"का हो साहेब? त्यांचा मुलगा फोटो मोठा करून दाखवील त्यांना. खूश होतील."

ते बोर्डाकडंच बघत राहिले. मग हळू म्हणाले, "फोटो गेला की तो बघायला येणार नाय."

मी फोन पर्समध्ये टाकला.