भाट्ये खाडीवरील शाफ्टाची मोहीम

श्रीदर्यादेव प्रसन्न. पोलादाचा भरवसा किती धरावा, हे पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन ही हकीकत लिहिली असे. लिहिणाराचे हातून तिखटमीठ जास्त पडले असेल, तर ते कोकणच्या चालीप्रमाणे गोड करोन घ्यावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख वद्य षष्ठी. ते समयी भाट्ये खाडीचे मुखाशी राजश्री श्रीपतीशेट यांची गोदी नांदत होती, आणि मासेमारीबंदी तोंडावर आल्याने सात बोटी पाण्यात खोळंबल्या होत्या, आणि त्या तमाम वर ओढणारा विंच एक, आणि त्या विंचाचे सरदार भागोजी फिटर. तीस वर्षे विंचाच्या शाफ्टावर, म्हणजे फिरत्या पोलादी आसावर, हातोडा मारावा, नाद ऐकावा आणि खणखणीत म्हणोन बोट ओढण्याचा हुकूम द्यावा, ऐसा त्यांचा दरारा. नाद चालता गोदीत कोणाची खोकण्याची प्राज्ञा नव्हती.

त्याजवर तपासणीचा दाखला हवा म्हणोन शेटांनी कॉलेजातील अपूर्वाबाईंस चुंबकमापक यंत्रासह पाचारण केले. पोलाद राबोन थकले म्हणजे तडा डोळ्यांस दिसण्याआधीच त्याचे चुंबकत्व पालटते, ऐसे बाईंनी निवेदिले. भागोजींच्या मनी आले, थकावे माणसाने, पोलादास कसली रजा? मग बाईंनी यंत्र फिरविले, आणि शाफ्टाचे मध्यावर काटा उसळला, आणि बाईंनी शाफ्ट मोडीत काढण्याचे फर्मान सोडिले. तेव्हा भागोजींनी खिशातून जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढिले. नट वाळूत हरवू नयेत म्हणोन ते नित्य मध्यावरच चिकटवीत, आणि पाहुण्या येणार म्हणोन आजच उचलिले होते. त्या जागेस चुंबकत्व जडले होते ते त्यामुळे. तमाम गोदी पोट धरोन हसली.

परंतु बाई हटल्या नाहीत. आपण चुकलो, आधी पुसावयास हवे होते, ऐसे चारचौघांत कबूल केले, आणि मग विजेच्या तारेचे वेटोळे फिरवोन ते चुंबकत्व उतरविले, आणि पुन्हा मोजिले. मध्य निर्दोष निघाला, परंतु दातेरी चाकाचे कडेशी काटा पुन्हा उठला. तेथे चुंबक कधी नव्हते. भागोजींनी हातोडा मारिला, नाद खणखणीत आला. शेटांनी हुकूम केला की बाईंस चहा द्यावा आणि बोट ओढावी.

भागोजी विंचाच्या दांड्याशी गेले आणि त्यांचा हात उठेना. भय वाटले, ते लपवू नये.

"शेट, मी आज दांडा वढनार नाय. बाय चुकली ती चारचौघांत बोल्ली. मी तीस वर्सांत कधी बोल्लोय?"

मग शेटांचा निरुपाय जाहला, आणि चाक उतरविले, आणि भागोजींनी त्या जागी डिझेल चोळिले, पुसिले, आणि वर खडूची भुकटी टाकिली, ही त्यांच्या बापाची विद्या. पांढऱ्या भुकटीत तड्यात मुरलेल्या डिझेलाची केसाएवढी काळी रेघ उमटली. तिने शाफ्टाची चौथाई वेढिली होती, आणि तेथून भागोजींच्या नित्य उभे राहण्याच्या जागेचे अंतर दोन हात. भागोजी वाळूत बसले आणि त्यांनी पाणी मागितले.

चौथे दिवशी नवा शाफ्ट चढला, सातही बोटी वर आल्या, मनुष्य एकही कामी आला नाही. फत्ते जाहली. तहात ठरले की लोहचुंबक अपूर्वाबाईंस नजराणा द्यावे, नटांस डालड्याचा डबा नेमोन द्यावा, आणि भागोजींचा मान पूर्ववत चालवावा. त्याप्रमाणे ते आजही हातोडा मारितात, गोदी श्वास रोखते, ते खणखणीत म्हणतात, आणि मग हळूच पुसतात की बाई कधी येणार.