वाढीव साहेब

वाशीच्या नव्या फ्लॅटमधला स्वयंपाकाचा ओटा बांधताना कुणी चारुलता टिपणीस यांच्या उंचीचा विचार केला नव्हता. बाई चांगल्या उंच आणि ओटा बुटका. पोळ्या लाटून झाल्या की त्यांना सरळ उभं राहायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात त्या जे काही बोलत ते नंदकिशोर टिपणिसांना निमूट ऐकून घ्यावं लागे. ओटा वीतभर उंच करायचा, एवढंच काम होतं. पण ऐंशी-एक्क्याऐंशीच्या त्या सुमाराला वाशीत गवंडी मिळणं टेलिफोन मिळण्याइतकंच कठीण होतं. जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या, आणि चार मजले चढवणारा माणूस एका ओट्यासाठी वाकायला तयार नव्हता.

अशात एका सोमवारी ऑफिसात रांगणेकर साहेबांनी टिपणिसांना केबिनमध्ये बोलावलं. हे ऑफिस सरकारी होतं आणि कोणत्या धंद्यात किती मजुरी मिळते याची आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम होतं.

“टिपणीस, बांधकाम मजुरांची पाहणी करायची आहे,” साहेब म्हणाले. “मजुरी किती, काम किती मिळतं, वाढतंय की घटतंय. एकूण कल काय आहे तो समजला पाहिजे. तुम्ही राहता तिकडेच, तेव्हा तुम्हीच करा.”

टिपणीस खूश झाले. घरासमोर काम, दुपारी गरम जेवण, आणि इतक्या गवंड्यांशी बोलल्यावर त्यातला एक तरी ओट्याला मिळणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी छत्री आणि पुठ्ठ्याचं पॅड घेऊन ते निघाले.

त्यांच्या बिल्डिंगपलीकडे रस्त्याच्या दोन बाजूंना दोन इमारती चालल्या होत्या. उजवीकडची वालजीभाईंची, ते कच्छी, मुंबईत बरीच कामं केलेले. डावीकडची भगवानशेठची. ते इथल्याच जुहूगावचे. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर इतरांनी आलेल्या पैशाची मोटरसायकल घेतली, भगवानशेठनी मोटरसायकल आणि काँक्रीटचा मिक्सर असं दोन्ही घेतलं आणि ते कंत्राटदार झाले. टिपणीस आधी वालजीभाईंकडे गेले, शांतपणे सगळ्यांना विचारून बाहेर पडले आणि मग रस्ता ओलांडून भगवानशेठच्या साइटवर आले. तिथे एक गवंडी भिंत चढवत होता.

“नाव?”

“मारोती.”

“गाव?”

“परभनीकडलं. दुष्काळात आलो, ते हितंच ऱ्हायलो.”

“मजुरी?”

“पंधरा रुपये.”

टिपणिसांनी लिहिता लिहिता मान हलवली. “हं. समोर अठरा आहे.”

मारोतीची थापी हवेतच थांबली. “काय म्हनले?”

“समोर, वालजीभाईंकडे. गवंड्याला अठरा.” टिपणिसांना यात काही वावगं वाटलं नाही. कुणी आकडा विचारला तर खरा आकडा सांगावा, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

मारोतीनं थापी धुतली, ओळंबा गुंडाळला, दोन्ही पिशवीत टाकलं आणि वर बघून हाक मारली, “ए, खाली या रे! हे सायेब काय म्हनत्यात ते ऐका.”

टिपणिसांनी वरच्यांनाही तेच सांगितलं. दुपारी ते वरण-भात जेवून परत आले तेव्हा भगवानशेठच्या साइटवर अर्धवट भिंती होत्या, रिकामी परांची होती आणि एक कुत्रा सावलीला झोपला होता. सगळे गवंडी रस्त्यापलीकडे वालजीभाईंच्या भिंतीवर विटा ठेवत होते.

तेवढ्यात भगवानशेठची मोटरसायकल आली.

“मानसा कुठं गेली?” त्यांनी टिपणिसांना विचारलं. “आन तुमी कोन?”

“मी सरकारी पाहणीला आलोय.”

“काय पाहता?”

“मजुरी.”

भगवानशेठनी रिकाम्या परांचीकडे पाहिलं, समोरच्या गजबजलेल्या इमारतीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, “वीस! माज्याकडं वीस रुपये हाय! या सगले!”

दुसऱ्या दिवशी भगवानशेठचे गवंडी तर परतलेच, वर वालजीभाईंचेही काही आले. आता टिपणिसांची पंचाईत झाली. आदल्या दिवसाचे आकडे चुकीचे ठरले होते, आणि चुकीचे आकडे साहेबांपुढे ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पुन्हा वालजीभाईंकडे गेले.

“शेठ, आता तुमच्याकडे गवंड्याला किती?”

वालजीभाईंनी हात जोडले. “तू काल विचारला, तवा अठरा होता. आज विचारते, तर बावीस झाला. उद्या नको विचारू, भाई!”

मारोतीचा आनंद मात्र मावत नव्हता. “सायेब, तुमच्या पायगुनानं झालं. तुमाला काय काम असलं तर सांगा.”

टिपणिसांनी लगेच ओट्याचं सांगितलं. मारोती त्याच संध्याकाळी आला, कडाप्पा उचलून बाल्कनीत उभा केला, खालच्या विटा फोडल्या आणि “उद्या बांधून देतो” म्हणून गेला. पण दुसऱ्या दिवशी वालजीभाईंनी संध्याकाळच्या जादा कामाला दीडपट मजुरी जाहीर केली. मारोती काही उगवला नाही. चारुलताबाई जमिनीवर स्टोव्ह मांडून, पाटावर बसून स्वयंपाक करू लागल्या.

“हा काय प्रकार आहे?” त्यांनी विचारलं.

“बाजाराचा कल आहे,” टिपणीस म्हणाले.

“त्या कलाला म्हणावं, येऊन पोळ्या लाट.”

इकडे टिपणिसांची कीर्ती पसरत चालली. ते काय काम करतात हे कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं, पण काळ्या छत्रीवाला साहेब साइटवर आला की मजुरी वाढते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मजूर त्यांना ‘वाढीव साहेब’ म्हणू लागले. ते दिसले की चहा यायचा, बसायला सिमेंटची पोती झटकली जायची. नेरूळहून काही मंडळी खास भेटायला आली. “सायेब, आमच्याकडं कवा येता? आमी लई मागं पडलोय.”

कंत्राटदारांनाही तेच कळलं होतं. पुढल्या सेक्टरमध्ये छत्रीचं टोक दिसलं रे दिसलं, की तिथला मुकादम आतूनच ओरडायचा, “तेवीस! आमी तेवीस केले, सायेब! आत येऊ नका!” दोन-तीन ठिकाणी तर टिपणीस नुसते सावलीला थांबले होते.

ऑफिसात रांगणेकर साहेब चक्रावले. “टिपणीस, मंगळवारी पंधरा, बुधवारी बावीस, शुक्रवारी तेवीस. यातलं खरं कोणतं?”

“सगळं खरं आहे, सर. विचारलं तेव्हा तेवढंच होतं.”

“असं कसं होईल? पुन्हा जाऊन खात्री करा.”

टिपणीस खात्री करून आले. आकडा चोवीस झाला.

खरा स्फोट झाला तो भगवानशेठच्या स्लॅबच्या दिवशी. स्लॅब एकदा भरायला घेतला की मध्ये थांबता येत नाही. थांबलं की तिथे जोड राहतो आणि पुढे जन्मभर त्यातून पाणी गळतं. मिक्सर घरघरत होता, फळीवरून बायकांची रांग घमेली घेऊन वर जात होती, आणि टिपणीस एका कोपऱ्यात उभे राहून गवंड्यांचे आकडे पडताळत होते. रांगेतली एक बाई त्यांच्यापुढे थांबली. ही मारोतीची बायको, गोजरा.

“सायेब, समद्या बाप्यांना इचारता. आमाला न्हाई इचारत?”

टिपणीस ओशाळले. “तुमचं आहे लिहिलेलं. बायकांना दहा.”

“कुनी सांगितलं दहा?”

“भगवानशेठनी.”

गोजरा मागे वळून रांगेला म्हणाली, “ऐकलं का गं? आपल्याला दहा मिळत्यात म्हनं.” रांगेत हशा पिकला. मग ती टिपणिसांकडे वळली. “सात पडत्यात हातावर. लिवा. आन आता सांगा, समोर बायांना किती हाय?”

टिपणीस आता शहाणे झाले होते. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. पण एव्हाना त्यांच्या गप्प बसण्यालाही किंमत आली होती.

“म्हंजी जास्तीच हाय,” असं म्हणून गोजरानं घमेलं खाली ठेवलं आणि ती त्याच्या शेजारी बसली. तिच्यामागची बाई बसली. तिच्यामागची बसली. बघता बघता रांग तळापर्यंत बसली. वरून गवंडी ओरडू लागले, “माल! माल पाठवा!”

भगवानशेठ धावत आले. “गोजराबाई, उठा! माल सुकाला लागला!”

“मंग लौकर बोला, शेट.”

“संध्याकाली बोलू ना!”

“संध्याकाळपोत्तर तर दगड हुईल त्याचा.”

भगवानशेठ टिपणिसांवर उलटले. “तुमी इचारला ना? आता तुमीच उचला!” आणि भरलेलं घमेलं त्यांनी टिपणिसांच्या हातात कोंबलं. दुसरं स्वतः डोक्यावर घेतलं.

टिपणिसांनी छत्री काखेत मारली आणि फळी चढायला सुरुवात केली. टेरिलिनच्या शर्टावरून सिमेंटचे ओघळ वाहू लागले. मागून भगवानशेठ चढत होते. त्यांच्या पांढऱ्या टोपीची चुंबळ झाली होती. बसलेल्या बायका मन लावून सल्ले देऊ लागल्या.

“सायेब, ती छत्री टाका की! पाऊस हाय का?”

“शेट, मान ताठ धरा. लग्नात धरली हुती तशी.”

समोरून वालजीभाई ही मजा बघायला रस्त्यात आले आणि पोट धरून हसले. त्यांच्या साइटवरच्या बायकाही त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बसलेली रांग पाहिली, एकमेकींकडे पाहिलं आणि परत जाऊन आपापल्या घमेल्यांशेजारी बसल्या. वालजीभाईंचं हसू तिथेच थिजलं.

अर्ध्या फळीवर भगवानशेठनी घमेलं खाली ठेवलं. ते फळीवरच बसले. “दहा,” ते कसेबसे म्हणाले. “सायबानी लिवलाय तसा. दहा.”

“दहा तर कवाच मिळत हुते म्हनं,” गोजरा म्हणाली. “आता वाढवून सांगा.”

“बारा! बारा घे, पन उठ माजे माये!”

रांग उठली. स्लॅब सलग भरला. टिपणीस घरी गेले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा राखाडी झाल्या होत्या. चारुलताबाईंनी दार उघडून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“तुम्हाला गवंडी आणायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “व्हायला नव्हतं सांगितलं.”

पण त्या घमेल्याचं फळ मिळालं. दुसऱ्या संध्याकाळी गोजरा नवऱ्याला दंडाला धरून टिपणिसांच्या दारात आली. “ज्यानं आपलं घमेलं उचललं त्याच्या बायकूला भुईवर बसवलंस व्हय? चल, हो आत.” मारोतीनं मुकाट्यानं ओटा बांधला. चारुलताबाई शेजारी उभ्या राहून कोपर लावून उंची सांगत होत्या. कडाप्पा बसला तो थेट त्यांच्या मापाचा. बुटक्या टिपणिसांच्या मात्र तो छातीपर्यंत आला, त्यामुळे त्यांची सकाळचा चहा करण्यातून कायमची सुटका झाली. मजुरी मारोतीनं चालू भावानं घेतली. तो भाव जास्त आहे असं म्हणायची टिपणिसांची प्राज्ञा नव्हती.

सोमवारी ते हुरूपानं ऑफिसात गेले. बायकांचे खरे आकडे प्रथमच हाती आले होते. साहेब शाबासकी देतील अशी त्यांची खात्री होती. साहेबांनी कागद बाजूला सारले.

“टिपणीस, पाहणी बंद.”

“पण सर, नेरूळचे लोक वाट बघतायत.”

“नेरूळचं नाव काढू नका!” साहेब कडाडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “नेरूळला मी बंगला बांधतोय. जोत्यापर्यंत येऊन काम ठप्प झालंय. कंत्राटदार माझ्याकडे दीडपट मागतोय. म्हणतो, तुमच्याच ऑफिसचा एक माणूस छत्री घेऊन भाव वाढवत फिरतो.” त्यांनी घाम पुसला. “कल समजला. मला पुरता समजला. तुम्हाला आता दुसरं काम देतो, ज्यात कुणाचं काही बिघडणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांची पाहणी. कुठल्या घरी धुण्याभांड्याचं काय मिळतं, एवढंच विचारायचं.”

टिपणीस घरी आले. चारुलताबाई नव्या ओट्यावर ताठ कण्यानं पोळ्या लाटत होत्या, आणि शेजारच्या मोरीत जुहूगावच्या बयाबाई भांडी घासत होत्या. टिपणिसांनी चपला काढता काढता नव्या पाहणीची बातमी सांगितली. “उद्यापासून आपल्याच बिल्डिंगमध्ये सुरुवात करावी म्हणतो.”

लाटणं थांबलं. मोरीतला भांड्यांचा आवाजही थांबला. चारुलताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की ते छत्री घेऊनच आतल्या खोलीत गेले. मग त्या अतिशय गोड आवाजात मोरीकडे वळल्या.

“बयाबाई, मी काय म्हणते, या महिन्यापासून पाच रुपये जास्त धरा हं.”

बयाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आरामात बसकण मारली.

“इतकी घाई काय हाय, बाय?” त्या म्हणाल्या. “आदी सायबाना इचारू तर दे.”