तासांचा पंचनामा

नागसेनबाबूंना राग आला की ते आधी चष्मा पुसायचे. गेल्या दोन वर्षांत तो इतका पुसला गेला होता की आता काच झिजायचीच बाकी होती. राग होता विमान कंपन्यांवर. त्यांच्या मुलीकडे, वृषालीकडे, विमान चालवण्याचं रीतसर लायसन्स होतं, नावावर दोनशे तीन तासांचं उड्डाण होतं, आणि कोणतीही मोठी कंपनी पाचशे तासांखाली बोलायला तयार नव्हती. तास नाहीत म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून तास वाढत नाहीत. हे आठवलं की बाबूंची कानशिलं तापायची.

"हे नियम लिहिनारा मानूस एकदा समोर येऊ द्या," ते म्हणायचे. "तीस वर्ष कागदं हातायले म्या. सांगतो त्याले."

तीस वर्षं हा आकडा खरा होता. शेतजमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या मंडल ऑफिसातल्या कारकुनीतून ते निवृत्त झाले होते, आणि जगातली कोणतीही उणीव सह्यांच्या कागदाने भरून निघते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. वृषालीचा तसा काही विश्वास नव्हता. ती घरी चिडून बसण्यापेक्षा बचत गटाचा फवारणीचा ड्रोन चालवायला लागली होती. बेला गावाकडच्या कपाशीवर तिने दोन हंगाम तो उडवला आणि सवयीने प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहिली. ती वही एका रविवारी बाबूंच्या हाती लागली. बेरीज तीनशे अकरा तास भरली.

"तीनशे अकरा आन् दोनशे तीन, पाचशे चौदा," बाबू म्हणाले. "काऊन सांगितलं नाही मले?"

"बाबा, ते तास धरत नसतात. ड्रोनमधी मी बसते काय?"

"हवेत उडते ना ते? मंग उडवते कोन?"

वृषालीने वही काढून घेतली. बाबूंनी आकडा डोक्यात ठेवला.

त्याच आठवड्यात एका मोठ्या कंपनीची जाहिरात आली. वृषालीने अर्ज भरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती घरात गुणगुणताना दिसली. बाबूंना पोरीची कीव आली. पुन्हा दोनशे तीन तास लिहिले असणार, पुन्हा नकार येणार. ती शिवारात गेल्यावर त्यांनी पंचनामा लिहायला घेतला. आम्ही खाली दस्तखत करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की सदर मुलीने आमच्या शेतांवर तीनशे अकरा तास उड्डाण केले, असा मजकूर झाला. पाच शेतकऱ्यांच्या सह्या झाल्या. पाचवे चंपतराव तर हसत हसत सही करून गेले, कारण पोरीने त्यांची कपाशी अळीतून वाचवली होती. मग बाबूंनी वृषालीच्या डायरीतला पासवर्ड काढून अर्ज उघडला, दोनशे तीन खोडून पाचशे चौदा केले आणि पंचनामा जोडून दिला. जाहिरात तीन पानांची होती. ती त्यांनी वाचली नाही. आलेला कागद पूर्ण वाचायची सवय त्यांना नोकरीतही नव्हती.

मंगळवारी दुपारी दोन वाजता कंपनीच्या बाईंचा फोन आला. वृषालीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बाई गोड हिंदीत बोलत होत्या. त्यांनी आधी अनुभवाबद्दल अभिनंदन केलं. मग सांगितलं की ही भरती अडीचशे तासांच्या आतल्या नवख्या पायलटांसाठी आहे, त्यांना कंपनी स्वतः शिकवून तयार करणार आहे, आणि पाचशे चौदा तासांचा उमेदवार त्यात बसत नाही. वृषालीने हात जोडल्यासारख्या आवाजात सगळा घोटाळा सांगितला. बाईंनी तोड काढली. त्याच पाच साक्षीदारांनी ते तास विमानाचे नाहीत असं लिहून द्यायचं. मुदत आज पाचपर्यंत.

फोन ठेवल्यावर वृषाली ओरडली नाही. ती ओरडली असती तर बाबूंना बरं वाटलं असतं.

"दोन वर्सात पयल्यांदा कोनाले कमी तासवाले पायलट पायजे होते," ती म्हणाली. "आन् तुमी मले अनुभवी करून ठेवलं. पाचवर एक मिनिट झाला तर मी तुमाशी बोलनार नाही, बाबा."

बाबूंनी चष्मा पुसला, पण या वेळी राग कोणावर काढायचा ते त्यांना कळेना. नवा कागद लिहून ते पोरीच्या मोटरसायकलवर मागे बसले. चार सह्या चारपर्यंत झाल्या. चंपतराव शेतात होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला.

"तीनशे अकरा तास खोटे हायेत म्हनता?"

"खोटेच हायेत. दोनपासून फिरतो, पाचच्या आत पायजे. करा सही."

"पन कागदावर हायेत ना, बाबू? कागदावर हाये म्हंजे हाये."

बाबूंचा चेहरा पडला. हे वाक्य त्यांचंच होतं. चंपतरावांच्या या शेतात विहीर असल्याची नोंद त्यांनी शेत न पाहता खुर्चीत बसून केली होती. विहीर कधीच नव्हती. पण नोंदीपायी बोअर मंजूर होत नव्हता, आणि दुरुस्तीसाठी चंपतराव नऊ वर्षं खेटे घालत होते. दर वेळी बाबू हेच वाक्य ऐकवून त्यांना परत पाठवायचे.

"नऊ वर्स पानी डोक्यावर आनलं माह्या बायकोनं," चंपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमाले तीन घंट्यात राग आला."

वृषालीने बापाकडे पाहिलं. पोरीला हे आजच कळत होतं, आणि तिच्या नजरेतला दुपारपासूनचा राग आता वेगळाच झाला होता. साडेचार वाजले होते.

बाबू बांधावर बसले. त्यांनी कोरा कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं की या शेतात विहीर नाही, कधी नव्हती, ती नोंद मी न पाहता केली, चूक माझी आहे. तीस वर्षांत हा शेवटचा शब्दप्रयोग त्यांच्या लेखणीतून पहिल्यांदाच उतरला होता. चंपतरावांनी तो कागद सावकाश वाचला, तारीख राहिल्याचं दाखवलं, ती घालून घेतली आणि मगच पोरीच्या कागदावर सही केली. वृषालीने फोटो काढून पाठवला. चार बावन्न झाले होते. पाचला दोन मिनिटं कमी असताना बाईंचं उत्तर आलं: दोनशे तीन तास ग्राह्य, मुलाखत पुढच्या सोमवारी, हैदराबादला.

वृषाली गाडीकडे निघाली. बाबूही ताठ मानेने कपाशीतून आडवे निघाले.

"जपून, बाबू," मागून चंपतराव म्हणाले, "तिथं विहीर हाये."

बाबूंनी दातओठ खाल्ले आणि मुकाट्याने दोन पावलं बाजूने वळसा घातला.