पळणाऱ्या प्राचार्यबाई

आमच्या प्राचार्यबाई पळतात. व्यायामाला नव्हे, भर कॉलेजच्या वेळेत, पदर खोचून, चपला ऑफिसातच टाकून. फाटकापाशी एखादा पालक घुटमळला की मी शिट्टी वाजवायची आणि बाईंनी सुटायचं. तो माघारी फिरायच्या आत त्याचं मनगट धरायचं, आत आणायचं आणि आपल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवायचं. "आदी बस. मग बोल." स्वतः शेजारच्या स्टुलावर.

मलाही असंच धरलं. मी जतकडचा, सातवीत शाळा सुटलेला. काम शोधत कर्नाटकात रामनगरला उतरलो, जीपनं जोयड्याला आलो, कॉलेजची पाटी बघितली आणि गुमान वळलो. बघतो तर मागनं बाई पळत येतायत! पळणारे मास्तर मी फक्त छडीसकट बघितलेले, म्हणून मीही पळालो. वळणावर त्यांनी गाठलंच आणि आणून त्याच खुर्चीत बसवलं. तेव्हापासून मी इथला वॉचमन. अजून धाकधूक असते, कुणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ.

कॉलेज सिद्द्यांच्या पोरांसाठी काढलेलं. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांमागं आफ्रिकेतून आणलेले. आता ते याच रानातले. बाईही सिद्दीच. त्या आल्या तेव्हा पत्र्याची शेड होती म्हणे. आता वर मजला चढलाय, पोरींचं वसतिगृह झालंय, इथल्या पोरी हुबळीला नर्स आहेत. राहिली होती पदवीच्या वर्गांची मंजुरी. ती नाही मिळाली तर बारावी झाली की पोरी परत मजुरीला.

मंजुरीसाठी कमिटी आली ती नेमकी सांगितल्या वेळेच्या आधी. खुर्चीत होता बस्त्याव मामा, नातीच्या ॲडमिशनला आलेला, हातात मधाची बाटली. त्याची बायको फाटकातच अडली होती, म्हणून बाई तिकडं पळालेल्या. जाताना दम देऊन, "कोण बी येऊ दे, उठायचं न्हाई."

मामा उठला नाही. कमिटीच्या साहेबांनी वाकून नमस्कार केला, "प्राचार्य, संस्थेच्या अडचणी सांगा."

मामानं विचार केला. "पाणी हाय. पोरी शिकत्यात. माकडं तेवडी लई झाल्यात. बंदोबस्त करा."

साहेब लिहून घेत होते, तेवढ्यात अनवाणी बाई मामीला ओढत आत आल्या.

"आपण कोण?"

"मी प्राचार्य. हे पालक."

"मग हे खुर्चीत काय करतायत?"

"बसलेत," बाई म्हणाल्या.

कमिटी तोंड आंबट करून गेली. मी दारातूनच म्हटलं, "बाई, आजच्या दिवस तरी तुम्ही खुर्चीत बसायचं हुतं. मंजुरी गेली मग?"

बाई चपला शोधत होत्या. "माजा बाबा एकदाच आलेला माज्या शाळेत. कंदांचं गाठोडं घेऊन, चालत. फाटकापतुर आला, भ्याला, गाठोडं तिथंच ठेवून परत गेला. मी वर्गातनं पाठ बघितली त्याची. उठायची हिंमत न्हाई झाली." चप्पल सापडली. "मंजुरीचं बघू. फाटकातनं कोण परत जायला नको."

बरेच दिवस मी देवाला हात जोडत होतो. शेवटी फोन आला. मंजुरी मिळाली! साहेबांनी फोनवर विचारलंही म्हणे, माकडांचं काय झालं? पोरींनी डमामी ढोलावर हात टाकला आणि सगळं कॉलेज नाचलं. "आज तरी खुर्चीत बसा," म्हणून सगळे मागं लागले. "व्हय, व्हय," म्हणत बाई सटकल्या.

थोड्या वेळानं फाटकातून बघितलं. ऑफिसच्या खिडकीत खुर्ची रिकामीच होती, पण तोंड फाटकाकडं फिरवलेलं. शेजारी स्टुलावर बाई, रस्त्याकडं बघत.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी मला वाटलं, शिट्टी वाजवावी.